उंटिणीचं दूध आणि रविवारची साखर

माझ्या थोरल्या भावाला मूर्ख म्हणणारी माणसं गावात पुष्कळ होती, पण ते तोंडावर म्हणायचा मान माझा होता. मी त्याची एकुलती एक बहीण. त्याच्याहून सहा वर्षांनी धाकटी, हायस्कुलात एकतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेली, आणि लग्न न केल्यामुळे कुणाचं ऐकून घ्यायची सवय नसलेली. निवृत्तीनंतर मी दिवेआगरला परत आले आणि वडिलांनी माझ्यासाठी ठेवलेल्या दोन खोल्यांत राहू लागले. मधे विहीर, विहिरीपलीकडे दादाचं घर. दादा आणि वहिनी सुपारीची वाडी बघत आणि मागच्या दोन खोल्या पर्यटकांना देत. पर्यटकांना उकडीचे मोदक लागतात. एकदा मोदक केले की ते एकट्या पाहुण्यांसाठी होत नाहीत, घरच्यांनाही होतात, हे मी दादाच्या आजाराच्या संदर्भात आत्ताच सांगून ठेवते.

आमच्या घराण्यात सोनं कधी फारसं आलं नाही, साखर मात्र पिढ्यान्‌पिढ्या येत राहिली. आत्याला होती, वडिलांना होती, मी काठावर आहे. वडिलांचा पाय त्या साखरेनेच गुडघ्याखाली कापावा लागला आणि शेवटची चार वर्षं त्यांनी ओटीवरच्या खुर्चीत काढली. वाडी डोळ्यांसमोर होती आणि तिच्यात पाऊल टाकता येत नव्हतं. दादाला साखर निघाली त्या दिवशी तो माझ्याशी दुसरं काही बोलला नाही, एवढंच म्हणाला, "पाय राहिला पाहिजे गो." एवढं कळत होतं त्याला. कळूनही त्याने जे केलं त्याला मूर्खपणा म्हणू नये तर काय म्हणावं, हे मला कोणी सांगावं.

श्रीवर्धनच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, चालायला सांगितलं आणि भात कमी करायला सांगितलं. दादाने तिथे मान डोलावली. घरी येऊन वहिनीला म्हणाला, "ताटात भाताचा डोंगर नको हो वाढू आता. टेकडी वाढ." मऊ भात, आमटी-भात, ताक-भात आणि रात्री उरलेला भात परतून, एवढ्यालाच टेकडी म्हणतात हे मला त्या दिवशी समजलं.

चालणं मात्र त्याने मनावर घेतलं, कारण त्यात गप्पा होत्या. गावातले सहा-सात निवृत्त पुरुष रोज सकाळी समुद्रावर फिरायला जात. फिरायला म्हणजे केतकीच्या बनापाशी जाऊन उभं राहायचं, देशाचं काय चुकतंय ते ठरवायचं आणि परत यायचं. या मंडळाचे पुढारी म्हणजे एका केमिकल कारखान्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त होऊन गावात बंगला बांधलेले एक गृहस्थ. त्यांना सगळे साहेब म्हणत. साहेबांना कारखाना सोडून जगातल्या सगळ्या विषयांतलं कळत असे. पांढरे बूट, पांढरी टोपी, आणि हातातला फोन कायम दुसऱ्याच्या नाकासमोर. त्यांनाही साखर होती. साखरेवरचा जो उपाय फोनवर येई तो ते मंडळाला वाटून टाकत. मेथीदाणे झाले, भेंडीचं पाणी झालं, कसल्याशा लाकडाच्या पेल्यात रात्रभर ठेवलेलं पाणी झालं. मग उंटिणीचं दूध आलं.

साहेबांचा सिद्धांत असा होता. वाळवंटातले उंट पाळणारे लोक पिढ्यान्‌पिढ्या उंटिणीचं दूध पितात आणि त्यांच्यात साखर सापडत नाही. त्या दुधात इन्सुलिनसारखं काहीतरी असतं, ते पोटात गेलं तरी फुटत नाही, थेट रक्तात जातं. दादाने हे मला पाठ केल्यासारखं म्हणून दाखवलं. मी म्हटलं, "ते लोक दिवसभर उंटामागे चालतात, आणि मोदकांवर तुपाची धार धरत नाहीत, ते नाही का सांगितलं साहेबांनी?" दादा म्हणाला, "तुला प्रत्येक गोष्टीत खोट दिसते." मला दिसते हे खरं आहे. पगार त्याचाच घेतला मी एकतीस वर्षं.

त्यांच्या मंडळाच्या अकलेचा एक नमुना सांगते. आमच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला उंट असतो, पाठीवर झालर, गळ्यात घुंगरं. दुधाची चर्चा ऐन रंगात आली असताना मंडळ त्या उंटवाल्याकडे गेलं आणि दूध ताजं मिळेल का, रोज किती मिळेल, अशी चौकशी झाली. उंटवाल्याने आधी उंटाकडे पाहिलं, मग मंडळाकडे पाहिलं. "चाचा, ये तो नर है," म्हणाला. वाडीतल्या गायी-म्हशींत आयुष्य गेलेल्या माणसांना खाली वाकून बघायचं सुचलं नाही. हे दादानेच मला हसत सांगितलं, आणि मी ते पुढे महिनाभर गावभर सांगितलं.

मग पावडर आली. कच्छकडून पार्सलने डबा आला, डब्यावर वाळवंट आणि मावळता सूर्य. साहेबांनी सगळ्यांसाठी डबे एकदम मागवले होते. वहिनीने झाकण उघडून माझ्यापुढे धरलं, "वास बघा हो वन्सं. ओल्या गोणपाटाचा." चव खारट होती. दादा सकाळी अनशापोटी पेलाभर प्यायचा, तोंड वाकडं न करता, आणि मिशीवरचं पांढरं पुसत म्हणायचा, "झालं काम."

मी काही अडाण्यासारखी नुसती नाकं मुरडत बसले नाही. डॉक्टरांना फोन करून विचारलं. डॉक्टर शांत माणूस आहे. ते म्हणाले, "बाई, यावर थोडंफार काम झालंय. काहींना वाटतं साखरेवर थोडा फरक पडतो, काहींना काही दिसलं नाही. माणसं थोडी तपासलीत, तेव्हा ठाम कोणी सांगू नये. प्यायचं असेल तर पिऊ देत, दूध आहे, विष नाही. पण गोळी सोडायची नाही, भात मोजून, आणि पायांकडे रोज बघायचं." मी हे शब्दशः दादाला सांगितलं. त्याने 'पिऊ देत' इथपर्यंत ऐकलं.

दुधाचा खरा परिणाम मला दुसऱ्याच दिवसापासून दिसला. तो साखरेवर नव्हता, खाण्यावर होता. सकाळी पेलाभर दूध पोटात गेलं की दादा दिवसभर मोकळा. पाहुण्यांच्या पंगतीला बसायला लागला. मोदक तीन. घावन नारळाच्या रसात बुडवून. फणसपोळी येता-जाता. कोणी काही म्हटलं की म्हणायचा, "सकाळी घेतलंय ना मी!" गंगेत एक बुडी मारून वर्षभर वाट्टेल ते करणारी माणसं असतात, त्यांच्यातलाच प्रकार. उंटीण बिचारी कच्छमध्ये बाभळी खात होती आणि इथे तिच्या जिवावर मोदक चालले होते.

रविवारची तपासणी याच्या आधीपासून चालू होती. मी स्वतःसाठी साखर मोजायचं यंत्र आणलं होतं, त्यावर दादाचीही बघायचं ठरवलं. दर रविवारी सकाळी, चहाच्या आधी, त्याच्या ओटीवर. मी बोट टोचायची, आकडा मोठ्याने वाचायची आणि शाळेतून उरलेल्या एका हजेरीवहीत लिहायची. आकड्यापुढे शेरा. "दोनशे बारा. नापास. काल काय हादडलंस, उभं राहून सांग." ओटीच्या दुसऱ्या टोकाला पर्यटक पोहे खात बसलेले असत. ते हसत. एकदा पुण्याच्या एका बाईंनी विचारलंसुद्धा, "उद्या रविवार ना, उद्या असतो ना तो तुमचा कार्यक्रम?" दादाही हसायचा. निदान तोंड हसल्यासारखं करायचा. हसं झालं की पोरं सुधारतात, यावर माझी नोकरीभर श्रद्धा होती, आणि सत्तरीचा भाऊ म्हणजे काय, मोठं पोरच.

उंटिणीच्या दुधाचे पहिले तीन रविवार मी अगदी मजेत घालवले. एकशे अठ्ठ्याण्णव, दोनशे सहा, दोनशे एकवीस. "उंटीण नापास. पालकांना घेऊन या," असं मी म्हटलं तेव्हा ठाण्याहून आलेल्या एका कुटुंबाला हसून हसून ठसका लागला. साहेबांना मी 'उंटावरचा शहाणा' म्हणायला लागले आणि ते नाव गावात इतकं बसलं की बंगल्याचा पत्ताही लोक तसाच सांगायला लागले. दादा त्या रविवारी चहा न पिता वाडीत निघून गेला. मला ते दिसलं होतं. मी वही मिटून घरी आले.

त्यानंतर आकडे सुधारले. एकशे अडुसष्ट. मी म्हटलं योगायोग. मग एकशे बेचाळीस. मग एका रविवारी एकशे अठरा. मी पट्टी बदलून दुसरं बोट टोचलं. एकशे सोळा. दादा ताठ बसला होता. "लिही," म्हणाला. "शेरा काय देतेस?" पर्यटक त्या दिवशीही होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी 'पास' लिहिलं. आयुष्यात कुणाला इतकं नाखुशीने पास केलेलं मला आठवत नाही.

याच सुमाराला दादा धार्मिक झाला. मारुतीचा शनिवार धरला. ज्या माणसाने एकादशीला दोन वेळा खायला मिळतं म्हणून एकादशी केली, तो आता शनिवारी देवळात जाऊन तेल घालून येई आणि उपासाचं ताट घेऊन एकटाच मागच्या पडवीत बसे. जेवताना मौन असतं म्हणे. "आता मारुतीलाही कामाला लावलंस का?" मी विचारलं. तो हसला नाही. वहिनी शनिवारी साबुदाण्याची खिचडी करायची, बटाटा आणि दाण्याचं कूट घालून, वर खोबरं. भरलेलं ताट आत पडवीत जायचं आणि रिकामं बाहेर यायचं. आता मी विज्ञानाची बाई. साबुदाण्याने साखर वाढते, हे मला ठाऊक. एवढी ताटभर खिचडी खाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी एकशे अठरा! मी त्यावर खूप विचार केला. माणूस खिचडी खाऊनही पास होतो म्हणजे त्या दुधात काहीतरी असलंच पाहिजे, असं माझं मत होऊ लागलं. शाळेत शेजारच्या बाकावरचं बघून लिहिणारा पोरगा मी पाठमोरी असतानाही पकडायची. इथे ओटीवर समोर बसून माझ्या डोळ्यांत धूळ फेकली जात होती आणि मी मान डोलावत होते.

पुढचं सांगायला लाज वाटते, पण सांगते. वहिनी देवळात आणि दादा समुद्रावर गेलेला बघून मी त्यांच्या स्वयंपाकघरात जायची आणि त्या डब्यातली दोन चमचे पावडर वाटीत घेऊन पदराखाली लपवून आणायची. सोळा दिवस मी उंटिणीचं दूध प्यायले. नाक धरून. ज्या तोंडाने गावभर चेष्टा केली त्याच तोंडाने. माझा आकडा जागचा हलला नाही. तेव्हा मी काय निष्कर्ष काढला असेल? दूध खोटं, असा नाही. माझ्या पट्ट्या जुन्या झाल्या असाव्यात, असा. दुसऱ्याच्या मूर्खपणाला नावं ठेवणाऱ्या बाईचा मूर्खपणा कसा असतो ते बघा, तो पदवीधर असतो.

दिवाळीनंतर डॉक्टरांचा फोन आला. दादाची तीन महिन्यांची साखर बघायची राहिली होती. रोजची साखर त्या-त्या सकाळचं सांगते, ही तपासणी मागच्या तीन महिन्यांचं सगळं सांगून टाकते. दादा म्हणाला, "कशाला हवी? रविवारचे आकडे बघ की. तुझ्याच हाताने लिहिलेत." डॉक्टरांनी मला विचारलं. मी म्हटलं, "आकडे छान येतायत हो. पुढच्या महिन्यात बघू." हे मी म्हटलं. दादाने नाही, साहेबांनी नाही.

आमच्या वाडीत चपला घालून जात नाहीत. वाडी ही लक्ष्मी, तिच्यावर वहाण घेऊन पाऊल टाकू नये, असं आजोबांपासून चालत आलेलं. वडिलांचा पाय गेला तरी ते मोडलं नाही. वाडीतून आलं की मागच्या दाराशी दगडावर पाय धुवायचे आणि ओलेच आत यायचं. मागच्या मोठ्या वादळाने आमच्या अर्ध्या सुपाऱ्या झोपवल्या त्यांचे खुंट अजून वाडीत ठिकठिकाणी आहेत, पालापाचोळ्याखाली झाकलेले, चिरफाळलेले. डिसेंबरात एका सोमवारी दुपारी मी वहिनीकडे ताक मागायला गेले, तेव्हा दादा नुकताच पाय धुऊन आत गेला होता. लादीवर त्याची ओली पावलं उमटली होती. उजवं पाण्याचं. डावं पाण्याचं, पण बोटांपाशी तांबूस. एक, दोन, तीन, सगळ्या डाव्या पावलांना त्याच जागी.

तो माजघरात झोपाळ्यावर बसला होता. डाव्या पायाच्या बोटांभोवती जुन्या धोतराची भिजलेली चिंधी. मी म्हटलं, "सोड ते." म्हणाला, "अगो, लागलंय थोडं खुंटाचं. दुखत नाही मुळीच." दुखत नाही, हे सांगताना त्याचा चेहरा समाधानी होता. वडिलांचाही दुखत नव्हता. मी खाली बसून चिंधी सोडली. आत पांढरा लगदा होता, खरवडीसारखा चिकटलेला. जखम भरायलाही हेच चांगलं, असं साहेबांच्या फोनवर आलेलं होतं. दादाने उंटिणीचं दूध पाण्यात कालवून जखमेवर लावलं होतं. लगदा ओल्या फडक्याने काढला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट काळं पडलं होतं. वास मी सांगत नाही.

"किती दिवस झाले?"

"अठरा-वीस," दादा म्हणाला. "रविवारी पाय धोतराखाली घेऊन बसायचो."

मी ओरडले. काय काय बोलले ते आठवत नाही, पण विहिरीपलीकडे ऐकू गेलं असणार. मग माझी गाडी काढली, दोघांना बसवलं आणि श्रीवर्धन गाठलं. डॉक्टरांनी पाय पाहिला, साखर पाहिली, चारशेच्या वर. ते मला एक शब्दही रागावले नाहीत. चिठ्ठी लिहिली आणि म्हणाले, "पनवेल. आत्ता, इथूनच. घरी जाऊ नका."

माणगाव मागे पडलं. दादाला मागच्या सीटवर डुलकी लागली तेव्हा पुढे बसलेली वहिनी रडायला लागली. "वन्सं, ती खिचडी गाय खात होती हो," म्हणाली. "शनिवारी ते काहीच खात नव्हते. शुक्रवारी संध्याकाळपासून बंद. नुसतं पाणी आणि ते दूध. आणि शनिवारी दोन-दोनदा समुद्रावर चालायचे, पार टोकापर्यंत. रविवारी तुमचं झालं, की मग जेवायला बसायचे. मला शपथ घातली होती." मी विचारलं, आणि गोळ्या? "त्या दसऱ्यापासून बंद आहेत. साहेब म्हणाले दूध लागू पडलं की गोळी लागत नाही." मी गाडी चालवत राहिले. समोरच्या ट्रकच्या मागे काय लिहिलं होतं ते मला अजून पाठ आहे, इतकं मी त्याच्याकडे बघत होते.

पनवेलच्या हॉस्पिटलात एक तरुण डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी ती तीन महिन्यांची तपासणी केली आणि कागद पुढे ठेवला. एक दिवस उपाशी राहून ती फसत नाही. त्यांनी विचारलं, "घरी साखर कोण बघतं यांची?" दादा खाटेवर पडून होता, सलाईन लावलेलं. मला वाटलं आता गप्प बसेल. तो म्हणाला, "ही माझी बहीण. विज्ञानाची शिक्षिका आहे. वहीत लिहून ठेवते सगळं." मेला अभिमानाने म्हणाला. डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून "अच्छा" म्हणाल्या आणि पुढच्या खाटेकडे गेल्या.

दोन बोटं काढली. पाय राहील असं म्हणाले, पण राहील म्हणजे बघू, असं म्हणण्याची त्यांची एक तऱ्हा असते. दर दिवशी पट्टी सोडून बघायचं, काळं वर सरकतंय का. दोन दिवसांनी कपडे आणायला मी गावी आले, ते थेट साहेबांच्या बंगल्यावर गेले. साहेब नाश्ता करत होते. मी उभ्यानेच झाडायला सुरुवात केली. त्यांनी शांतपणे ऐकलं, मग म्हणाले, "मी त्यांना गोळ्या बंद करायला सांगितलं नाही. मी फक्त व्हिडिओ पुढे पाठवला. ज्याचा त्याने विचार करायचा." त्यांच्या पत्नीने मला पाणी द्यायला फ्रीज उघडला. दारातल्या कप्प्यात, अंड्यांच्या शेजारी, इन्सुलिनच्या कुप्या ओळीने उभ्या होत्या. मी विचारलं, "हे कोणाचं?" साहेब म्हणाले, "माझं. डॉक्टरांनी सांगितलंय ना दिवसातून दोनदा. ते कसं चुकवीन?" उंटिणीचं दूध ते प्रकृतीला बरं म्हणून घेत होते, वरून. मी त्यांना जे बोलले ते शिकलेल्या बाईने बोलण्यासारखं नव्हतं, आणि त्याबद्दल मला आजही काडीचा पश्चात्ताप नाही.

पण पनवेलला परत जाताना, त्याच रस्त्याने, मी साहेबांवर जितकी चिडू पाहत होते तितकं जमत नव्हतं. साहेबांनी त्याला दूध दिलं होतं. उपाशी राहायला सांगितलं नव्हतं. परीक्षेच्या आदल्या दिवशी उपाशी राहून पास व्हायची वेळ त्याच्यावर कोणी आणली, हे मला गाडीत दुसरं कोणी विचारायला नव्हतं.

मी पोचले तेव्हा दुपारचं जेवण आलं होतं. दोन पोळ्या, दुधीची भाजी, वाटीभर वरण. भात नव्हता. वहिनी औषधं आणायला खाली गेली होती. सकाळी पट्टी सोडून बघितलं होतं, काळं वर सरकलं नव्हतं, म्हणून दादा जरा खुशीत होता. पोळीचा तुकडा वरणात बुडवत होता. मी खुर्ची ओढून त्याच्या पायाशी बसले.

"उपासाचं समजलं मला," मी म्हटलं. "ते जाऊ दे. पण खुंट लागला त्या दिवशी का नाही सांगितलंस? वीस दिवस, दादा. मी विहिरीपलीकडे होते."

त्याने घास खाल्ला. पाणी प्यायला.

"तू हसली असतीस."

"हो, हसले असते," मी म्हटलं. "आणि मग लगेच गाडी काढली असती."

"काढली असतीस गो, ते मला माहीत होतं," तो म्हणाला. "पण हसणं आधी आलं असतं."